टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) मुलांना नववी-दहावी शिकवायला कसं तयार करावं?

प्रश्न (टीवाय_पुणे): पुण्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स-मॅथ्सची बारा मुलं आहेत. बीएड करून हायस्कूलला जायचं म्हणतात. शनिवारी दोन तास मिळतात. थिअरी बीएडला होईलच, तर आत्ता नेमकं काय करून घ्यावं?

भिंग_पडदा: बालभारतीची पुस्तकं द्या आणि स्वाध्यायातल्या प्रत्येक उदाहरणाखाली ‘मूल इथे काय चुकेल’ ते लिहून घ्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तयारी हीच.

दहावीचं बहिर्वक्र भिंग बघा. नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर. वस्तूचं अंतर ऋण घ्यायला विसरलं की प्रतिमा ३० ऐवजी ६ सेंमीवर येते. ‘चिन्ह चुकलं’ एवढं सांगून भागत नाही. वस्तू नाभीय अंतर आणि त्याची दुप्पट यांच्या, म्हणजे १० आणि २० सेंमीच्या मध्ये आहे, म्हणून प्रतिमा २० च्या पलीकडेच हवी. हे आधी किरणाकृतीवर आणि मग मेणबत्ती-पडदा लावून दाखवता आलं पाहिजे.

नववीचा ओहमचा नियमही प्रत्यक्ष करून घ्या. नायक्रोमच्या तारेऐवजी टॉर्चचा बल्ब जोडला तर व्होल्टेज-करंटचा आलेख सरळ न येता वाकतो, कारण बल्बचा तंतू तापून रोध वाढतो. व्होल्टमीटर एकसर (सिरीजमध्ये) जोडला तर अमीटर जवळपास शून्यावर बसतो. वर्गात असं झालं तर दोष कुठे आहे हे मिनिटभरात सापडायला हवं.

पाठ_टाचण: त्याच वेळात सूक्ष्म अध्यापन बसवा, म्हणजे छोट्या गटापुढे काही मिनिटांचा सराव पाठ. ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (फीडबॅक), १२ पुनर्नियोजन, ६ पुन्हा पाठ, ६ पुन्हा प्रत्याभरण: एक फेरी ३६ मिनिटांची. सहा-सहाचे दोन गट एकाच वेळी चालवले तर दोन तासांत प्रत्येक गटात तीन फेऱ्या होतात आणि दोन शनिवारांत प्रत्येकाचा नंबर लागतो. एका फेरीत एकच कौशल्य घ्या, फलकलेखन किंवा प्रश्न विचारणं. पुनर्नियोजनाची १२ मिनिटं मात्र कापू नका. ती कापली की दुसरा पाठ पहिल्यासारखाच होतो.

गणितात पूर्ण वर्ग पद्धत पुठ्ठ्यावर करून घ्या. क्ष² + १०क्ष साठी क्ष बाजूचा चौरस आणि त्याच्या लगतच्या दोन बाजूंना ५ रुंदीची एकेक पट्टी. कोपऱ्यात ५ × ५ ची जागा रिकामी राहते, म्हणून २५ मिळवायचे. ‘सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग’ हे पाठ असलेल्या पदवीच्या मुलांनाही हा कोपरा दाखवावा लागतो.

टीवाय_पुणे: फिजिक्सवाल्यांना जीवशास्त्राची गरज पडेल का?

भिंग_पडदा: पडेलच. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये अनुवंशिकता आहे, जीवनप्रक्रिया आहेत, आणि बहुतेक शाळांत विज्ञानाचे दोन्ही भाग एकाच शिक्षकाकडे असतात.

पाठ_टाचण: सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर २ लागतो. १५० पैकी गणित-विज्ञानाला ६०; उरलेले ९० दोन भाषा आणि बालमानसशास्त्राचे, प्रत्येकी ३०. भाषांची तयारी आत्ताच सुरू करा.