पॅडची शॉर्ट घालूनही जांघेत सोलवटतंय, रविवारी २०० ची बीआरएम – मदत हवी आहे

खंबाटकी_चढ
पॅडवाली सायकलिंग शॉर्ट घेतली आहे. चाळीस-पन्नास किमीनंतर डाव्या जांघेत आग व्हायला लागते, घरी येईपर्यंत सालटं निघालेली असतात. रविवारी पुण्यातून २०० किमीची बीआरएम (ठराविक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) आहे. दुसरी शॉर्ट घ्यायची का? घ्यायची तर कोणती? फक्त नाव सांगा, आज-उद्यातच आणावी लागेल.

चेनलूब
नुसत्या नावाने काम होणार नाही. आधी सांगा: सायकल कोणती? आग नेमकी कुठे होते, जांघेच्या घडीत, मांडीच्या आतल्या बाजूला, की बसायच्या हाडांवर? नुसती आग की बधिरही होतं? शॉर्टच्या आत काय घालता? सीटवर काही चढवलंय का?

मगर_पट्टा
शॉर्ट बदलू नका, जेलचं सीट कव्हर घ्या. चार-पाचशेत मिळतं, दोरी ओढली की बसतं. एवढ्या लहान गोष्टीला महाग शॉर्टची गरज नाही.

चेनलूब
@मगर_पट्टा, कव्हर अर्ध्या तासाच्या फेरीला ठीक आहे, लांब पल्ल्याला नाही. बसायची हाडं जेलमध्ये रुततात, त्यांच्या मधला जेल वर येतो आणि मधल्या मऊ भागाला दाबतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या की मुंग्या येतात. शिवाय कव्हरने सीटची रुंदी वाढते, म्हणजे प्रत्येक पेडलला मांडी त्याच्या कडेवर घासते. दोरी ढिली पडली तर कव्हर डावी-उजवीकडे सरकतं ते वेगळंच.

मगर_पट्टा
सगळी दुकानं काय उगाच विकतात का? माझ्या ओळखीतले सगळे तेच वापरतात.

खंबाटकी_चढ
हायब्रिड आहे. सीटवर जेल कव्हर आहेच, सायकलसोबतच घेतलं होतं. आग डाव्या जांघेच्या घडीत, अंडरवेअरचं इलॅस्टिक येतं बरोबर त्या रेषेवर. शॉर्ट एक्सएल आहे, एलमध्ये मांडी आवळते. आता नाव सांगाल का?

घाटवाट
उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. अंडरवेअर काढा. पॅडची शॉर्ट थेट अंगावर घालायची असते, पॅड तसाच बेतलेला असतो. पॅडचं वरचं कापड बिनशिवणीचं आणि घाम बाहेर ओढणारं असतं. मध्ये सुती चड्डी आली की घाम सुतात अडकतो, ओल्या कातडीचं घर्षण वाढतं आणि इलॅस्टिकची दुहेरी शिवण मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा त्याच रेषेवर फिरते. चार तासांत किती वेळा, ते मोजून बघा.

दुसरं, एक्सएल परत करा. सैल शॉर्टमध्ये पॅड कातडीवर सरकतो, आणि सरकणारा पॅड हेच सालटं निघण्याचं मुख्य कारण. दुकानात ताठ उभं राहून मापू नका. उभं राहिलं की समोरून पॅड फुगतो, पाठीमागे ताणल्यासारखं वाटतं, ते चुकीचं माप नव्हे. हँडल धरल्यासारखं पुढे वाका आणि एक गुडघा छातीकडे आणा. पॅडला कुठे चुणी पडली तर ती शॉर्ट ठेवून द्या. मांडीजवळची पट्टी लाल खूण करण्याइतकी रुतायला नको, पण दोन बोटांनी धरून ओढली तर लगेच जागेवर परत जायला हवी.

सातारी_पेडल
अंडरवेअर नको हे मान्य, पण आतून लंगोट घालावा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट आहे, शिवण मांडीकडे येतच नाही. सुती, धुवायला सोपा, वाळायला सोपा.

घाटवाट
लंगोट कुस्तीला आणि मल्लखांबाला उत्तमच. सायकलवर तुम्ही तासन्‌तास त्याच्यावर बसलेले असता. मागची पट्टी नेमकी दोन हाडांच्या मधे येते, आणि ओला सुती कपडा तिथे दोरीसारखा गोळा होतो. आधार हवा म्हणून लंगोट लावायचा असेल तर घट्ट शॉर्ट तेच काम करते.

सातारी_पेडल
घट्ट बांधला तर गोळा होत नाही. न वापरताच नावं ठेवू नका. खाली कॉटन नको म्हणता, मग पूर्वी लोक सायकली चालवतच नव्हते का?

चेनलूब
चालवत होते, पण लांब पल्ल्याचे सायकलपटू शॉर्टच्या आत हरणाच्या किंवा बकरीच्या कमावलेल्या चामड्याचा तुकडा शिवून घ्यायचे. प्रत्येक धुलाईनंतर तो कडक व्हायचा, मग क्रीम चोळून मऊ करावा लागे. आजच्या पॅडला काही जण अजून शॅमी म्हणतात ते त्या चामड्यावरूनच. फोम नंतर आला. त्यांनीही कॉटन निवडलं नव्हतं.

खंबाटकी_चढ, डावीकडेच होतंय म्हणजे नुसत्या शॉर्टचा दोष नाही. सीटचं नाक वरच्या दांडीच्या रेषेत आहे का बघा, सायकल पडली की ते थोडं वळतं. मग उंची. पायात मोजे घालून भिंतीला टेका, पायांमध्ये एक जाड पुस्तक वर दाबून धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्या. त्याला ०.८८३ ने गुणा. ८० सेमी आलं तर ७०.६. क्रँकच्या (पेडलचे दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) रेषेत, साधारण एवढी उंची हवी. जास्त असेल तर पाय खाली पोचायला कंबर डावी-उजवीकडे हलते, आणि ज्या बाजूचा पाय कमी पुरतो तिकडची जांघ घासते. एका वेळी ५ मिमीच खाली करा, मग अर्धा तास चालवून बघा.

निळी_लेडीबर्ड
शॉर्ट धुता कशी? हे कुणी विचारतच नाही. गरम पाणी आणि फॅब्रिक कंडिशनर वापरत असाल तर पॅड घाम ओढणं बंद करतो. कंडिशनरचा थर धाग्यावर बसतो, इलॅस्टिकही लवकर ढिलं पडतं. उलटी करून, ३० अंशापर्यंतच्या पाण्यात, थोड्या साध्या डिटर्जंटने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. पॅडची बाजू बाहेर ठेवून सावलीत वाऱ्यावर वाळवा. पावसाळ्यात पॅड बाहेरून कोरडा लागतो आणि आत ओला असतो, अंगठ्याने दाबून बघा. ओल्या पॅडवर बसलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात. नवीन शॉर्टही वापरण्यापूर्वी एकदा धुवा.

आणि एक प्रश्न माझाही. बायकांसाठी वेगळा पॅड खरंच लागतो का?

चेनलूब
ताई, लागतो. बसायच्या हाडांमधलं अंतर बायकांत सरासरीने जास्त असतं, म्हणून मागचा भाग रुंद, पुढचा भाग आखूड, आणि पुढे मधोमध शिवण नसलेला. पुरुषांचा पॅड घातला तर पुढचा फोम नको तिथे दाबतो. पाळीच्या दिवसांत पॅडवर सॅनिटरी पॅड लावला की चुण्या पडतात आणि कडा घासतात, त्यामुळे बऱ्याच जणी मेन्स्ट्रुअल कप वापरतात. बिब शॉर्ट (खांद्यावरून पट्टे असलेली) घेणार असाल तर मागून पट्टा सुटणारा प्रकार बघा, नाहीतर ढाब्यावरच्या बाथरूममध्ये जर्सी सकट सगळं काढावं लागतं.

रात्रराणी७
हायब्रिडवर २०० होते का? वेळ १३ तास ३० मिनिटं असते. रोड बाइक घ्या, निम्मा त्रास कमी होईल.

घाटवाट
होते. २०० ला सरासरी ताशी १५ किमीपेक्षा किंचित कमी पडली तरी वेळेत पोचता, थांबे धरून. सायकलचा प्रकार त्यात आडवा येत नाही. हा धागा शॉर्टचा आहे.

रात्रराणी७
मी फक्त सुचवलं. टायरचं प्रेशर तरी विचारा, खडबडीत रस्त्यावर कडक टायर असेल तर सगळा दणका सीटवर येतो.

मेडिकल_काउंटर
सालटं निघाल्याचा आणि बुरशीचा फरक समजून घ्या, नाहीतर भलतंच मलम लावाल. घर्षणाचं लाल चट्ट्यासारखं असतं, आग होते, दोन-तीन दिवस सायकल थांबवली की उतरतं. गजकर्णाला गोल कडा येते, मधला भाग फिकट, कडेला खवले, आणि खाज जास्त, विशेषतः घाम आला की. बुरशी असेल तर स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकाच ट्यूबमध्ये असलेलं मिश्र मलम लावू नका. क्लोबेटासॉलसारखं स्टेरॉइड खाज दाबतं, पण बुरशी पसरते आणि जांघेची कातडी पातळ पडते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. कोरडी सालटं असतील तर साबण न चोळता धुवा, कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा.

सातारी_पेडल
खोबरेल तेल लावा. घरात असतं, कातडीला थंड वाटतं.

निळी_लेडीबर्ड
खोबरेल २४-२५ अंशाला वितळतं. पुण्याच्या उन्हात ते पाणी होतं, तासाभरात शॉर्ट शोषून घेते. पेट्रोलियम जेली टिकते, पण धुवून निघत नाही आणि पॅडचं वरचं कापड बुजवते. टाल्कम घामात गोळे करून घासतं. लावायचंच असेल तर घट्ट, पाण्याने धुतलं जाणारं शॅमी क्रीम, अर्धा चमचा. जांघेच्या दोन्ही घड्या, बसायच्या हाडांची जागा, आणि पॅडची कड जिथे संपते ती रेषा. मेंथॉलवालं मोडलेल्या कातडीवर लावू नका, भयंकर झोंबतं. २०० साठी छोट्या डबीत भरून खिशात ठेवा, शंभर किमीला परत लावता येतं.

खंबाटकी_चढ
क्रीम वगैरे नंतर. नवीन शॉर्ट घेऊ की नको, एका वाक्यात सांगा.

घाटवाट
घ्या, एल घ्या, आणि कव्हर आजच काढून टाका. दुकानात पॅड दोन बोटांत दाबा, बोटं एकमेकांना सहज टेकली तर तो फोम दोन तासांत बसतो. जाडी बघून फसू नका. हाडांखाली १०-१२ मिमी घट्ट फोम पुरतो, मऊ जाड फोम जास्त घासतो. मधे खाच असली तर उत्तम. बिब मिळाली तर बिब, कमरेचं इलॅस्टिक पोटात रुतत नाही आणि पॅड जागचा हलत नाही. मात्र नवीन शॉर्ट रविवारी पहिल्यांदा घालू नका. त्याआधी निदान दोन तासांची एक फेरी करा, कुठली शिवण कुठे येते ते त्यातच कळतं.

खंबाटकी_चढ
एल घेतली, अंडरवेअर नाही, कव्हर काढलं, सीट एक सेमी खाली. जांघेला काही झालं नाही. पण आता बसायची हाडं ठणकतायत, पहिल्यापेक्षा जास्त. पॅड खराब आहे का?

चेनलूब
पॅड खराब नाही. आतापर्यंत वजन मांडीवर आणि मधल्या भागावर होतं, आता हाडांवर आलं, जिथे यायला हवं तिथेच. तो ठणका थोड्या फेऱ्यांनी उतरतो. उतरला नाही तर सीटची रुंदी बघा. जाड पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा लाकडी पाटावर ठेवून त्यावर बसा, गुडघे थोडे वर घ्या. पुठ्ठ्यावर दोन खोलगट खुणा उमटतात, त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. हायब्रिडवर ताठ बसता, म्हणून त्यात २५ ते ३० मिमी मिळवा. सीट त्याहून अरुंद असेल तर हाडं कडेवर बसतात आणि कितीही चांगला पॅड उपयोगाचा नाही. सीटचं नाकही वर तर नाही ना, लेव्हल लावून तपासा. सपाट, किंवा अगदी एक-दोन अंश खाली. जास्त खाली केलं तर पुढे घसराल आणि सगळं वजन तळहातांवर येईल.

घाटवाट
आणि रविवारी दर दहा-पंधरा मिनिटांनी सीटवरून उठा, दहा-बारा पेडल उभ्याने मारा. कंट्रोलला (वाटेतल्या नोंदीच्या ठिकाणी) थांबलात की ओल्या शॉर्टमध्ये बसून राहू नका, उभे राहा, वारा लागू द्या.

मेडिकल_काउंटर
शनिवारी संध्याकाळी आरशात जांघ बघा. कातडी अखंड असेल तर जा. उघडी, पाणी सुटणारी जखम असेल तर यावेळी निघू नका. घामाच्या कपड्यात १३ तास उघड्या जखमेवर बसलात तर पू होतो, आणि मग पुढचा महिनाभर सायकल बंद.

रात्रराणी७
टायर प्रेशरचं कुणी सांगितलंच नाही.

खंबाटकी_चढ
टायर ३२ मिमीचे, ८० पीएसआय.

रात्रराणी७
६५ करा, तुमचं वजन ऐंशी किलोच्या आत असेल तर. पंपाला गेज असलेलाच वापरा.