हायबरनेट होतंय पण चालू केलं की नवीनच बूट, जुनं सेशन गायब (आर्च + लक्स + बीटीआरएफएस)

आळशी_कर्सर
मंडळी जरा डोकं चालवा, माझं थकलंय. आर्च लिनक्स आहे, कर्नल स्वतः कंपाईल केलेला (नको असलेले ड्रायव्हर छाटून टाकलेत, त्यामुळे शंका सगळी त्याच्यावरच येते), पूर्ण डिस्क लक्सने एनक्रिप्ट, त्यावर बीटीआरएफएस फाईलसिस्टम, आणि स्वॅपचं (रॅममधला डेटा डिस्कवर ठेवायची जागा) वेगळं पार्टिशन नाही, वेगळ्या सबव्हॉल्यूममधे (फाईलसिस्टमच्या स्वतंत्र भागात) स्वॅपफाईल आहे. रॅम ३२ जीबी, स्वॅपफाईल २० जीबी. सोबत झेडरॅम (रॅममधेच दाबून ठेवलेली स्वॅप) पण चालू.

सिस्टमसीटीएल हायबरनेट मारलं की स्क्रीन जाते, डिस्कचा दिवा थोडा वेळ लुकलुकतो, मशीन बंद. इथवर छान. परत चालू केलं की जरा वेळ नुसतंच थांबतं, मग पासफ्रेज विचारतं आणि मग सरळ लॉगिन स्क्रीन, उघडं ठेवलेलं काहीच नाही, जणू बटण दाबून धरूनच बंद केलं होतं. डीमेसेजमधे (कर्नलच्या लॉगमधे) एरर म्हणावी अशी ओळ नाही. स्लीप मात्र एकदम व्यवस्थित. कर्नल लाइनमधे रिझ्यूम= ला फाईलसिस्टमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि रिझ्यूम_ऑफसेट= (स्वॅपफाईल डिस्कवर कुठे सुरू होते तो आकडा) दोन्ही दिलेत. कोणी म्हणतं स्वॅप रॅमच्या दुप्पट हवी, कोणी म्हणतं ग्राफिक्स ड्रायव्हर बदल, कोणी म्हणतं कर्नल परत साधा टाक. नक्की कुठून सुरुवात करू?

टर्मिनलवासी
ग्राफिक्स आणि स्वॅपची साईज आत्ता बाजूला ठेव. स्लीप चालतं यावरून काहीच ठरवू नकोस, त्यात रॅमला वीज मिळत राहते, डिस्कवर काही लिहायचं नसतं की शोधायचं नसतं. हायबरनेटमधे आधी रॅमची इमेज स्वॅपमधे लिहायची आणि पुढच्या बूटला इनिट्रॅमएफएसने (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी तात्पुरती सिस्टम) ती शोधून कर्नलच्या हातात द्यायची, तेही रूट (मुख्य फाईलसिस्टम) माउंट व्हायच्या आत. यातलं लिहिणं फसलंय की शोधणं, हे कळल्याशिवाय काही बदलायला जाऊ नकोस.

ते कळायला एक सोपी खूण आहे. बूट झाल्यावर जर्नलमधे (सिस्टमच्या लॉगमधे) स्वॅपच्या युनिटचे मेसेज बघ. स्वॅपऑनने (स्वॅप चालू करणारी कमांड) "सॉफ्टवेअर सस्पेंड डेटा डिटेक्टेड, रीरायटिंग द स्वॅप सिग्नेचर" असं काही लिहिलंय का? ते असेल तर इमेज नीट लिहिली गेली होती, वाचायलाच कोणी आलं नाही, आणि मग स्वॅपऑनने ती पुसून टाकली.

साईजचं म्हणशील तर कर्नल इमेज रॅमच्या साधारण २/५ मधे बसवायचा प्रयत्न करतो, /सिस/पॉवर/इमेज_साइझ मधे आकडा दिसेल. ३२ ला २० पुरायला हरकत नाही. फक्त झेडरॅममधे जे कोंबलेलं असतं ते शेवटी रॅममधेच असतं, म्हणजे तेही इमेजमधे जाणार, ते गच्च भरलेलं असेल तर अंदाज चुकू शकतो. आणि झेडरॅमवर हायबरनेट होत नाही हे वेगळं सांगायला नको.

बूटलूप
कस्टम कर्नल म्हणजे एनव्हीएमई (एसएसडी डिस्कचा) ड्रायव्हर मॉड्यूल असेल आणि इनिट्रॅमएफएसमधे टाकायचा राहिला असेल, माझी पैज. तसंही एवढं खोदत बसण्यापेक्षा बूट झाल्यावर डिव्हाइसचा मेजर-मायनर नंबर हाताने /सिस/पॉवर/रिझ्यूम मधे लिहून बघ ना, इमेज असेल तर तिथल्या तिथे कळेल.

रूटकॉज
बूटलूप, ड्रायव्हर नसता तर रूट तरी कुठून माउंट झालं असतं, त्याच डिस्कवर आहे ते.

आणि दुसरं जे सुचवलंय ते कृपा करून कोणी करू नका. चालू सिस्टमवर तिथे नंबर लिहिला आणि खरंच जुनी इमेज सापडली तर कर्नल त्या क्षणी रिझ्यूम करायला जातो. त्या इमेजमधल्या कर्नलला वाटतंय की फाईलसिस्टम हायबरनेट करताना होती तशीच आहे, आणि तुम्ही तर ती मधे माउंट करून त्यावर लिहूनही मोकळे झालात. फाईलसिस्टमचा चुराडा होतो, बॅकअप नसेल तर संपलं. हाताने लिहून बघायचंच असेल तर कर्नल लाइनला ब्रेक=प्रीमाउंट द्या, रूट माउंट व्हायच्या आधीच शेल मिळतो, तिथे करा. ड्युअल बूटवाल्यांनाही हेच, हायबरनेट केलेल्या सिस्टमचं पार्टिशन दुसऱ्या ओएसमधून उघडायचं नाही.

आळशी_कर्सर, तुम्ही लिहिलंय पासफ्रेजच्या आधी जरा वेळ थांबतं. किती वेळ? दहाएक सेकंद? कर्नल लाइनमधून क्वाएट (बूटचे मेसेज लपवणारा पर्याय) काढा, स्प्लॅश असेल तर तोही, आणि एमकेइनिटसीपीआयओच्या (इनिट्रॅमएफएस बनवणारं टूल) कॉन्फिगमधली हुक्सची ओळ (त्यातल्या पायऱ्यांचा क्रम) इथे टाका.

आळशी_कर्सर
टर्मिनलवासी, जर्नलमधे ती ओळ आहे! म्हणजे लिहिणं बरोबर.

रूटकॉज, हो तेवढंच थांबतं. क्वाएट काढल्यावर "वेटिंग 10 सेकंड्स फॉर डिव्हाइस" आणि पुढे रिझ्यूमचं डिव्हाइस सापडलं नाही असं आलं, हे इतके दिवस स्प्लॅशच्या मागे लपलं होतं. हुक्स असे आहेत: बेस, युडेव्ह, ऑटोडिटेक्ट, मॉडकॉन्फ, कीबोर्ड, ब्लॉक, रिझ्यूम, एनक्रिप्ट, फाईलसिस्टम्स.

रूटकॉज
सापडलं. रिझ्यूम एनक्रिप्टच्या आधी आहे. ज्या यूयूआयडीची तो वाट बघतोय तो लक्सच्या आत, आणि कुलूप उघडायचं काम त्याच्या नंतरच्या हुकचं. दहा सेकंद वाट बघून बिचारा निघून जातो. एनक्रिप्ट आधी, मग रिझ्यूम, मग फाईलसिस्टम्स. इनिट्रॅमएफएस परत बनवा, रीबूट करा आणि मगच हायबरनेट.

आळशी_कर्सर
केलं, आणि आता तर आधीपेक्षा वाईट. पासफ्रेज लगेच विचारतं पण आता हायबरनेटच होत नाही, रिझ्यूमशी जुळणारी स्वॅप सापडत नाही अशा अर्थाचं काहीतरी म्हणून नकार देतं. आधी निदान बंद तरी होत होतं.

टर्मिनलवासी
हे वाईट नाही रे, पुढे सरकलास. आधी रिझ्यूम हुक हात हलवत परत जायचा, त्यामुळे /सिस/पॉवर/रिझ्यूम मधे ०:० राहायचं आणि सिस्टमडी (हायबरनेट चालवणारा सिस्टम मॅनेजर) स्वतःच्या हिशोबाने योग्य स्वॅप शोधून लिहायचा. आता हुक डिव्हाइस बरोबर भरतोय, त्यामुळे तुझा ऑफसेटही खरा मानला जातोय, आणि तो स्वॅपफाईलच्या जागेशी जुळत नाहीये. ऑफसेट काढलास कशाने? फाईलफ्रॅग?

आळशी_कर्सर
हो, फाईलफ्रॅग -व्ही, पहिल्या ओळीतला फिजिकल आकडा. सगळीकडे तेच दिलंय.

टर्मिनलवासी
ईएक्सटी४ फाईलसिस्टमला ते बरोबर. बीटीआरएफएसवर फाईलफ्रॅग फिजिकल म्हणून जे दाखवतं तो बीटीआरएफएसचा आतला लॉजिकल पत्ता असतो, डिस्कवरची जागा नाही. बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल मॅप-स्वॅपफाईल -आर आणि पुढे फाईलचा पाथ, जो आकडा येईल तो जसाच्या तसा टाक, पेज साईजने भागाकार वगैरे काही नाही. बीटीआरएफएस-प्रॉग्ज ६.१ किंवा नवीन लागेल.

किंवा यूईएफआय असेल आणि सिस्टमडी २५५ च्या पुढचं असेल तर एनक्रिप्टऐवजी एसडी-एनक्रिप्टवाला सिस्टमडी इनिट्रॅमएफएस घे आणि दोन्ही पॅरामीटर काढूनच टाक, इमेजची जागा तो ईएफआय व्हेरिएबलमधे लिहून ठेवतो. मला वैयक्तिक तेच आवडतं, आकडा सांभाळायची कटकट नाही.

आळशी_कर्सर
आलं!! ब्राउझर, टर्मिनल, अर्धवट लिहिलेलं पत्र, सगळं जिथल्या तिथे. ऑफसेटच बदलला, बाकी सेटअप हलवायची हिंमत नाही आत्ता. फक्त वायफाय मेलंय, मॉड्यूल काढून परत घातला की जिवंत होतं. आणि स्वॅपफाईल मोठी केली तर ऑफसेट परत काढावा लागेल ना?

रूटकॉज
नवीन फाईल केलीत तर हो, प्रत्येक वेळी. त्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट स्वॅप चालू असताना घेता येत नाही, स्नॅपशॉटची स्क्रिप्ट असेल तर तो वगळा.

वायफायसाठी /यूएसआर/लिब/सिस्टमडी/सिस्टम-स्लीप मधे छोटी एक्झिक्युटेबल स्क्रिप्ट ठेवा. तिला पहिलं आर्ग्युमेंट प्री किंवा पोस्ट मिळतं आणि दुसरं हायबरनेट, प्रीला मॉड्यूल काढा, पोस्टला घाला. ड्रायव्हरच अडतोय का हे नीट बघायचं असेल तर /सिस/पॉवर/पीएम_टेस्ट मधे डिव्हाइसेस लिहून मग हायबरनेट करा. इमेज न लिहिता, मशीन बंद न करता नुसते ड्रायव्हर झोपवतो आणि पाचेक सेकंदांनी उठवतो. त्यातही वायफाय मेलं तर दोष ड्रायव्हरचाच.

आळशी_कर्सर
पीएम_टेस्ट नावाची फाईलच नाहीये माझ्याकडे.

रूटकॉज
कर्नल छाटताना पीएम_डीबग हा पर्याय पण छाटलात 😄 ते चालू करून परत कंपाईल करा, तोवर स्क्रिप्टवर भागवा.