कुस्ती थांबवायचीय, पण आबांना सांगू कसं?

माती_८९

नमस्कार मंडळी. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

वय २६, गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुका. अकरा वर्षांचा असताना आबांनी कोल्हापुरात तालमीत नेऊन सोडलं. बरोबर एक ट्रंक, तुपाचा डबा आणि थंडाई घोटायची कुंडी. एसटीत बसायच्या आधी एवढंच म्हणाले, "गदा घेऊनच ये." महाराष्ट्र केसरीची. पंधरा वर्षं झाली, पहाटे चारला उठून जोर मारताना डोळ्यासमोर तेवढंच.

चार वर्षांपूर्वी मॅटवर सराव करताना जोडीदारानं पट काढला, म्हणजे खाली वाकून पायांना मिठी मारली, माझा पाय जागेवर अडकला आणि उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशन झालं, नऊ महिने घरी. परत आलो, पण ढाक हा फेकायचा डाव मारताना त्या पायावर फिरायचं म्हटलं की मन आधीच माघार घेतं. मन माघार घेतलेलं समोरच्याला पकडीतच कळतं.

दुसरी अडचण वजनाची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, केसरीचा गट ८६ ते १२५ किलो. त्यात मातीवरचा एक विजेता, मॅटवरचा एक, आणि त्या दोघांत गदेची कुस्ती. मी भरतो ८९. गेल्या वर्षी निवड चाचणीत १२० किलोचा गडी अंगावर आला, मी खालनं निघालोच नाही. वस्ताद म्हणतात, तीन किलो भर आणि ९२ च्या गटात खेळ, पदक मिळेल. पण आबांना पदक नको, गदाच पाहिजे. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा गदाच पाहिजे होती.

यंदा चैत्रात आमच्याच गावच्या यात्रेत शेवटून दुसरी कुस्ती माझी. समोर १९ वर्षांचं पोरगं. अकराव्या मिनिटाला त्यानं घिस्सा डाव ओढला नि मी चितपट. आबा बांधावर बसले होते. उठले आणि कुणाशी न बोलता घरी जाऊन म्हशीला वैरण टाकत बसले. रात्री नेहमीसारखा थंडाईचा तांब्या माझ्यापुढं आणून ठेवला. मी प्यालो. त्या दिवसापासून तो तांब्या घशाखाली उतरत नाही.

दोन एकर ऊस आहे. कारखान्याचं पहिलं बिल आलं की बदाम-तुपाची बेगमी आधी, बाकी सगळं नंतर, असं पंधरा वर्षं चाललंय. विट्यात मित्राचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तो म्हणतो भागीत ये. माझं मन झालंय. पण घरी कसं सांगायचं? आणि खुराक एकदम बंद केला तर चालतो का?

जय_बजरंग

भावा, असं बोलायचं नसतं! खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले, म्हणून घरी बसले का? १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! गुडघ्याला पट्टा बांध आणि शड्डू ठोक. गदा तुझीच.

बांधावरचा

जय_बजरंग, तुम्ही लढला आहात का कधी? राग मानू नका, विचारतोय.

मी कराडकडचा, वय ५४. खाशाबांचं गोळेश्वर आमच्या शेजारचं. त्यांचं नाव घेताय तर पुढचंही सांगा की. पदक १९५२ ला आणि १९५५ ला ते पोलिसात फौजदार. पुढची सगळी वर्षं नोकरीत गेली. त्यांना कुणी हरलेला म्हणतं का?

आता पैलवान, तुमच्याशी बोलतो. मी २८ व्या वर्षी सोडली. एक चूक केली आणि एक गोष्ट बरी केली.

बरी गोष्ट ही, की वडिलांना सांगायच्या आधी वस्तादांना सांगितलं. वडिलांनी आपल्याला लढताना वर्षातून चारदा बघितलेलं असतं, वस्तादांनी रोज. माझ्या वस्तादांना तर सहा महिने आधीच कळलं होतं, मी बोलायची वाट बघत होते. शिव्या देतील असं वाटलं होतं. म्हणाले, "उद्या आखाडा तू उकर." दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं सगळी माती उकरली, हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळली आणि बारक्या पोरांना एकेक पकड दिली. झालं. नंतर घरी वस्तादच आले, चहा प्यायला म्हणून.

चूक खुराकाची. मेहनत एका दिवसात बंद केली आणि जेवण तेच ठेवलं. पैलवानाचं अंग सुटायला वेळ लागत नाही. वर्षात ९५ चा ११८ झालो, चाळिशीत साखर लागली, आता रोज गोळी. म्हणून सांगतो: तूप आधी तोडा, बदाम मूठभर ठेवा, दूध हळूहळू निम्म्यावर आणा. बैठका त्या गुडघ्यावर नकोत, जोर मात्र मरेपर्यंत मारा. आणि एकदा रक्त तपासून घ्या.

खाकी_वर्दी

थोडक्यात लिहितो, ड्युटीवर आहे. पोलीस भरतीचा विचार असेल तर खुल्या गटाला शिपाई पदासाठी वयाची मर्यादा २८, आरक्षित प्रवर्गाला ३३. पण मैदानी चाचणीत १६०० मीटर पळावं लागतं. गुडघा आधी डॉक्टरला दाखवा, मग अर्ज भरा. आमच्या बॅचला तीन पैलवान होते, तिघांनाही गोळाफेक सोपी गेली आणि पळताना घाम फुटला.

धाकटी

माझं जरा वेगळं आहे. मी पैलवानाची बहीण.

आमच्या घरात दूध दादाचं असायचं. म्हणजे म्हैस सगळ्यांची, शेण मी काढायचं, धार आई काढायची आणि दूध दादाचं. आम्हा दोघी बहिणींना चहापुरतं. बदाम मोजून ठेवलेले असायचे, एक कमी झाला तरी आईला कळायचं. कुणी दुष्टपणा करत नव्हतं. दादा घरातलं सगळ्यात मोठं काम करतोय, असं आम्हीही मानत होतो. त्याची कुस्ती लागली की मी उपास धरायचे.

दादानं सोडली तेव्हा वडील महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. माझ्याशी मात्र बोलायला लागले. बारावीला मला किती टक्के पडले होते, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. बारावी होऊन दोन वर्षं झाली होती.

तुम्हाला दोष देत नाही. फक्त एक विचारते, घरात अजून कोण आहे? तुमच्या पोस्टमध्ये आबा आहेत, म्हैस आहे, ऊसही आहे. बाकीच्यांचं काहीच नाही.

माती_८९

ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिता आलं नाही. आई आहे. आणि बहीण आहे, नर्सिंगला जायचं म्हणत होती, ते "पुढच्या बिलाला बघू"वर राहिलंय. मी तिचं लिहिलंच नव्हतं, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं.

बांधावरचे काका, या रविवारी कोल्हापूरला जातो.

माती_८९ (तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. वस्तादांनी आखाडा वगैरे उकरायला लावला नाही. गुडघा दाबून बघितला, म्हणाले, "मला वाटलं गेल्या वर्षीच येशील." मग बारक्यांच्या पकडी बघायला बसवलं, दुपारी जेवायला घातलं.

आबांना मीच सांगितलं, गोठ्यात. त्यांनी धार काढायची थांबवली नाही. बऱ्याच वेळानं विचारलं, "मग एवढ्या दुधाचं काय करायचं?" बहीण दारात उभी होती, तीच म्हणाली, "डेअरीला घालूया."

चार दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतः किटली घेऊन डेअरीवर गेले. फॅट ७.१ लागली. पावती सगळ्यांना दोनदा वाचून दाखवली, शेजारच्यांनाही. "पंधरा वर्षं एवढं चांगलं दूध तू प्यालास," असं मला म्हणून पहिल्यांदा हसले. हसले म्हणजे मिशीतल्या मिशीत.

नर्सिंगच्या फॉर्मची चौकशी करायला उद्या बहिणीला घेऊन सांगलीला चाललोय. कुंडी अजून खोलीतच आहे. आईनं त्यात परवा शेंगदाण्याची चटणी कुटली, आबा बघत होते, काही बोलले नाहीत.