मेलेल्या माशाच्या मेंदूत ठिपका उमटतो, मग आपल्या मेंदूतल्या ठिपक्याचं काय?

चिकित्सू
रविवारच्या पुरवणीत पुन्हा तीच बातमी. करड्या मेंदूवर केशरी ठिपका आणि खाली ओळ: प्रेमात पडल्यावर हा भाग उजळतो. किती जणांवरचा प्रयोग? वीस-बावीस. दुसऱ्या कुणी करून पाहिला? त्याबद्दल अवाक्षर नाही.

२००९ साली क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक अख्खा सॅमन (आपला रावस नव्हे, अटलांटिकमधला) एफएमआरआय यंत्रात (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते टिपणाऱ्या) ठेवला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसांना काय वाटत असेल ते ओळख म्हणून सांगितलं. मासा मेलेला होता. तरी त्याच्या मेंदूत ठिपके उमटले! २०१२ मध्ये त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक) मिळालं. ठिपक्यांचं कारण साधं आहे. यंत्र मेंदूचे हजारो बारीक ठोकळे पाडतं आणि प्रत्येकाची वेगळी परीक्षा घेतं. हजारात एक चूक चालेल म्हटलं, तरी साठ हजार ठोकळ्यांत साठेक ठिपके फुकटात मिळतात.

माझं मत: दुसऱ्या प्रयोगशाळेत, नव्या माणसांवर तेच दिसेपर्यंत असल्या बातमीला अफवेइतकीच किंमत द्यावी.

मीनल_एम
चिकित्सू, त्या माशाला आता तरी सोडा हो. मी याच क्षेत्रात पीएचडी करतेय आणि दर दोन महिन्यांनी कुणीतरी तो माझ्या ताटात वाढतं. त्या प्रयोगात यंत्र खोटं ठरलंच नाही. इतक्या परीक्षा एकदम घेतल्याची सांख्यिकी दुरुस्ती केल्याबरोबर सगळे ठिपके गायब झाले. दुरुस्ती टाळू नका, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

आणि जे ठोस आहे ते टिकलंय. बोटं हलवायला सांगा, हालचालीचा पट्टा कुठल्याही देशातल्या यंत्रात उजळतो. नॅन्सी कॅनविशर यांनी १९९७ मध्ये दाखवलेला, चेहरे बघताना उजळणारा मेंदूचा भाग आजही विद्यार्थी पहिल्या प्रयत्नात शोधतात.

चिकित्सू
बरं, मासा परत पाण्यात. मग २०२० चा 'नेचर'मधला प्रयोग घ्या. जुगारासारखे निर्णय घेणाऱ्या १०८ जणांचे स्कॅन, तीच माहिती संशोधकांच्या ७० गटांना दिली आणि ९ गृहीतकं तपासायला सांगितली. कुठल्याही दोन गटांनी हुबेहूब एकच पद्धत वापरली नाही. पाच गृहीतकांवर तर पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त गटांपर्यंत 'हो' म्हणणारे, बाकीचे 'नाही'. माणसं तीच, स्कॅन तेच. एकाच पत्रिकेवरून सत्तर ज्योतिषी!

मीनल_एम
तोच लेख पुढे वाचा ना. उंबरठा लावण्याआधीचे नकाशे बहुतेक गटांचे एकमेकांशी चांगले जुळत होते. ठिपका 'आहे' की 'नाही' हे कुठल्या रेषेवर ठरवायचं, तिथे फाटे फुटले. म्हणजे दोष हो-नाहीच्या हट्टाचा आहे. आणि सत्तर गटांना बोलावून स्वतःची झडती घेणारे लोक याच क्षेत्रातले होते. ज्योतिष्यांनी असं कधी केलंय?

गणिती_गजानन
दोघांच्या मध्ये तोंड घालतो, माफ करा. आकडेमोड हे माझं पोटापाण्याचं काम.

मीनलताई, झडती घेतली हे खरं, पण किती उशिरा! २०१६ मध्ये एकलुंड, निकोल्स आणि क्नुट्सन यांनी नुसत्या स्वस्थ पडून राहिलेल्या ४९९ निरोगी माणसांचे स्कॅन नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून काढले. खोटे निकाल शंभरात पाच यायला हवे होते, काही मांडण्यांत सत्तरापर्यंत गेले. एका सॉफ्टवेअरमधली चूक तर १५ वर्षं कुणाला दिसली नव्हती.

चिकित्सूराव, तुम्हीही उगाच खूश होऊ नका. '४०,००० शोधनिबंध बाद' हा तेव्हा गाजलेला आकडा लेखकांनीच मागे घेतला. निकोल्स यांचा नंतरचा अंदाज ३,५०० च्या आसपास होता.

खरी गोम माणसांच्या संख्येत आहे. २०२२ मध्ये मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५०,००० जणांची माहिती एकत्र करून मेंदूची रचना आणि स्वभाव-बुद्धी यांचे संबंध मोजले. सहसंबंधाचा मध्यक ०.०१ आला (पूर्ण संबंध म्हणजे १)! असले धागे पकडायला हजारो माणसं लागतात, आणि तोवरचे ठरावीक अभ्यास पंचवीसेक जणांवरचे. शितावरून भाताची परीक्षा करतात खरी, पण भात एकसारखा शिजलेला असेल तर.

मीनल_एम
गजाननकाका, हे मान्य. पण दोन प्रश्न एकत्र शिजवू नका. अमक्याचा मेंदू तमक्यापेक्षा वेगळा का, याला हजारो माणसं हवीत. एका माणसाच्या मेंदूची घडण कशी आहे, याला तोच माणूस पुन्हा पुन्हा हवा. सेंट लुइसच्या 'मिडनाइट स्कॅन क्लब'ने दहाच जण घेतले, पण प्रत्येकाचे तासन्‌तास स्कॅन केले. रात्री बारानंतर, कारण तेव्हा यंत्राचं भाडं कमी. त्यातले नकाशे माणसागणिक वेगळे, पण त्याच माणसात पक्के निघाले. सरसकट 'हजारोंशिवाय नको' म्हटलंत तर आमच्यासारख्या छोट्या प्रयोगशाळांनी टाळं लावायचं का?

अॅड_सुनीता
छोट्या प्रयोगशाळेपेक्षा मला कोर्टाची काळजी आहे. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात जन्मठेप देताना इतर पुराव्यांसोबत मेंदूच्या 'बीईओएस' चाचणीचाही (आरोपीला गुन्ह्याची आठवण आहे का ते सांगण्याचा दावा करणाऱ्या) आधार घेतला गेला. त्याच वर्षी निम्हान्स या बंगळुरूच्या मेंदू-मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या समितीने ती पद्धत अशास्त्रीय ठरवली. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात संमतीशिवाय अशा चाचण्या करायला मनाई केली. तुमचे वाद संपेपर्यंत कुणीतरी आत गेलेलं असतं.

मीनल_एम
सुनीताताई, ती चाचणी विद्युतलहरींची, ईईजीची. एफएमआरआय रक्तातल्या प्राणवायूचा बदल टिपतं.

अॅड_सुनीता
यंत्र वेगळं, खोड तीच. दुसऱ्याने पडताळण्याआधी वापर सुरू.

सातारकर७२
नुसता वाचत होतो, पण आता घाबरलोय. वडिलांच्या मेंदूत गाठ आहे, ऑपरेशनआधी फंक्शनल एमआरआय सांगितलाय. तोही मासाच समजायचा का?

चिकित्सू
नाही हो, अजिबात नाही. माझा राग बातमीतल्या ठिपक्यावर आहे. करून घ्या.

मीनल_एम
दादा, तिथे बोटं हलवणं, शब्द आठवणं असली ठसठशीत कामं देतात आणि तुमच्या वडिलांचाच मेंदू बघतात. वीस जणांची सरासरी नाही. तरी सर्जनना एक विचारा: ऑपरेशनच्या वेळी विजेचा हलका स्पर्श देऊन हा नकाशा पडताळणार का? भाषेच्या भागाजवळ गाठ असेल तर बऱ्याच ठिकाणी रुग्णाला जागं ठेवून तसं करतात. आणि वडिलांना घरी थोडा वेळ निश्चल पडून राहायचा सराव द्या. डोकं काही मिलीमीटर हललं तरी चित्र बिघडतं, मग परत रांगेत बसावं लागतं.

सातारकर७२
ते झोपेतही हलतात. बघतो.