कवितेतली रिकामी जागा: साठवताना बदलायची की दाखवताना?

रेघोटी:
एका दिवाळी अंकाच्या संकेतस्थळाचं काम करतेय. कवयित्रीबाईंनी ओळी पायरीपायरीनं आत सरकवून कविता पाठवली. पानावर बघते तर सगळं डावीकडे चिकटून एकच परिच्छेद. लागोपाठच्या स्पेस, टॅब, नव्या ओळी या सगळ्यांची ब्राउझर एकच स्पेस करतो हे मला माहीत आहे, पण बाईंना कोण सांगणार? मग मी मजकूर साठवतानाच नव्या ओळीच्या जागी बीआर टॅग (ओळ मोडायची खूण) आणि प्रत्येक स्पेसच्या जागी एनबीएसपी (ब्राउझर गिळत नाही अशी स्पेस) घातलं. काम झालं. सहकारी म्हणतो, पाप केलंस. खरंच?

जुनाखोड:
पापच. मोबाइलवर उघडून पाहिलंत? एनबीएसपी म्हणजे न तुटणारी स्पेस, तिथं ओळ मोडत नाही. अख्खी ओळ एकसंध राहते आणि पान आडवं सरकायला लागतं. उद्या कोणी 'पाऊस आला' शोधलं तर डेटाबेसला सापडणार नाही, कारण मधे साधी स्पेस उरलीच नाही. मूळ मजकूर आहे तसा ठेवा आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या नियमांत, 'व्हाइट-स्पेस: प्री-रॅप' एवढी एक ओळ लिहा; स्पेस आणि नव्या ओळी तशाच दिसतील, लांब ओळ मोडेलही.

टॅबवाला:
'एवढी एक ओळ' म्हणायला सोपं आहे. तोच मजकूर फीडमधून (संकेतस्थळावरचा नवा मजकूर इतर अ‍ॅपना पुरवणारी यादी), ईमेलमधून जातो, तिथं तुमचं सीएसएस पोचेलच याची हमी कोण देणार? बीआर कुठेही चालतो. एनबीएसपी फक्त ओळीच्या सुरुवातीला लावा, मधल्या स्पेस सोडा, म्हणजे मोबाइलवरही ओळ मोडेल. आणि प्री-रॅप तुमच्या टेम्प्लेटमधल्या (पानाच्या साच्यातल्या) स्पेसही इमानेइतबारे दाखवतं. पहिली ओळ उगाच आत का जातेय, यात माझा अर्धा दिवस गेलाय.

जुनाखोड:
टेम्प्लेट नीट लिहा की! ईमेलसाठी बदल हवा तर पाठवताना करा. साठवलेल्यात एनबीएसपी घुसलं की पुढचा माणूस ते पुन्हा एस्केप करतो, म्हणजे खुणेची साधी अक्षरं करून टाकतो, आणि कवितेच्या मधोमध वाचकाला अँपरसँड, एनबीएसपी, अर्धविराम असं जसंच्या तसं दिसतं.

ऱ्हस्वदीर्घ:
तुम्ही दोघं स्पेसवर भांडताय, माझं दुखणं न दिसणाऱ्या अक्षरांचं आहे. आमच्याकडे एकानं 'सफाई' म्हणून शून्य रुंदीची सगळी अक्षरं उडवली. त्यात झेडडब्ल्यूजेही (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारा अदृश्य जोडक) गेला. 'दऱ्या' लिहायच्या दोन तऱ्हा आहेत: नुक्त्याचा (खाली टिंबाचा) ऱ वापरून, किंवा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे, य या क्रमानं. दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेल्या 'सह्याद्रीच्या दऱ्या' झाल्या 'सह्याद्रीच्या दर्या'. डोंगरात समुद्र! नुक्तावाले शब्द शाबूत, त्यामुळे एकाच पानावर निम्मं बरोबर, निम्मं चूक. मुद्रितशोधक टाइप करणाऱ्यावर खेकसत होते.

टॅबवाला:
हे भयंकर आहे. जावास्क्रिप्टमधलं बॅकस्लॅश-एस (रिकाम्या जागा शोधायची खूण) एनबीएसपीला पकडतं, पण झेडडब्ल्यूजेला हात लावत नाही. म्हणजे कोणीतरी हौसेनं तो उडवायच्या यादीत घातला असणार.

रेघोटी:
मोबाइलवर पाहिलं. सरकतंय पान. बाईंची मूळ ईमेल आहे, तिथूनच परत भरते आणि प्री-रॅप लावते. फीडपुरतं टॅबवाल्यांचं ऐकेन. पण जुनाखोड, 'पाप' जरा जास्तच झालं हो.