नव्या आउटडोअरमध्ये गॅस आधीच असतो

नवा हॉट अँड कोल्ड स्प्लिट एसी बसवताना मेकॅनिक 'पूर्ण गॅस भरायचे' वेगळे पैसे मागतोय, ते द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. देऊ नका. आउटडोअर, म्हणजे एसीचं बाहेर बसणारं युनिट, कारखान्यातूनच गॅस भरून येतं. किती ग्रॅम ते युनिटच्या स्टिकरवर, आणि किती मीटर पाइपाला पुरेल ते इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये असतं. तुमचा पाइप ८ मीटर आहे म्हणता. समजा, मॅन्युअलमध्ये ५ मीटरची मर्यादा आणि पुढे मीटरमागे २० ग्रॅम दिलंय, तर जादा लागणार फक्त ६० ग्रॅम. तेही सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून. इन्व्हर्टर एसीमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलला की प्रेशरही बदलतं, त्यामुळे नुसतं प्रेशर गेजकडे बघून 'झालं, बास' म्हणणाऱ्याला काम देऊ नये.

खरी मेख व्हॅक्यूममध्ये, म्हणजे पाइपातली हवा आणि ओल पंपाने ओढून काढण्यात आहे. बरेच जण आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडतात, फुस्स करून पाइपातली हवा हाकलतात नि मोकळे होतात. यात आत असलेला आर-३२ हा गॅस सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. शिवाय मापातला गॅस वाया जातो आणि ओल आत राहते ती राहतेच. व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली न्यायला सांगा (मेकॅनिकच्या साध्या मॅनिफोल्ड गेजवर हे कळत नाही, डिजिटल व्हॅक्यूम गेज लागतो), मग पंप बंद करून १०-१५ मिनिटं आकडा चढतो का ते पाहा; चढत राहिला तर गळती किंवा ओल आहे. त्यानंतर जादा गॅस, आणि सगळ्यात शेवटी ॲलन कीने दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचे.

युनिट आर-४१०ए या दुसऱ्या गॅसचं निघालं तर तो दोन वायूंचं मिश्रण आहे, प्रमाण बिघडू नये म्हणून द्रवरूपातच भरावा लागतो. भरलेले जादा ग्रॅम मार्करने युनिटवर लिहून घ्या.