बेटी बम्पर्स : गव्हर्नरच्या पत्नीने नेमके काय केले?

वाचनवेडा : अमेरिकेतील आर्कान्सा राज्याचे गव्हर्नर (१९७१ ते १९७५) डेल बम्पर्स यांच्या पत्नी बेटी यांचे नाव लसीकरणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. गव्हर्नरच्या पत्नीच्या हाती ना अधिकार, ना अंदाजपत्रक. मग हे श्रेय कामाचे की फिती कापण्याचे, हे जाणकारांनी सांगावे.

उंबरठा : कामाचेच. बेटीबाई मूळच्या शाळेतील चित्रकला शिक्षिका. बालकांच्या लसीकरणात आर्कान्सा तेव्हा देशात तळाशी होते. लस उपलब्ध होती, पण खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत ती पोहोचत नव्हती. त्यांनी राज्याचे आरोग्य खाते, परिचारिकांच्या संघटना, गावोगावच्या शेतकरी कुटुंबांशी रोजचा संबंध असलेली कृषी विस्तार सेवा, चर्च आणि चक्क नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यदलाचे जवान यांना एका मोहिमेत आणले. आपापल्या परीने काम करणाऱ्या या सगळ्यांची मोट बांधणे हेच खरे कष्टाचे काम होते.

शंकासुर : मोट बांधली हे मान्य. परंतु अमेरिकेतील गव्हर्नर लोकांनी निवडून दिलेला, राज्यकारभार प्रत्यक्ष चालवणारा असतो. त्याच्या पत्नीचा फोन आल्यावर नाही म्हणण्याची कोणत्या खात्याची प्राज्ञा?

उंबरठा : आक्षेप रास्त आहे, मात्र तो १९७५पर्यंतच लागू पडतो. पुढे डेल सिनेटवर, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, गेले आणि आर्कान्साचे आरोग्य खाते त्यांच्या हाताखाली उरले नाही. तरीही कार्टर अध्यक्ष झाल्यावर बेटीबाईंनी त्यांच्या पत्नी रोझलिन कार्टर यांच्याकडे हा विषय लावून धरला. रोझलिन याही पूर्वी जॉर्जियाच्या गव्हर्नरच्या पत्नी होत्या. १९७७मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ऑक्टोबर १९७९पर्यंत ९० टक्के मुलांचे लसीकरण करण्याचे उद्दिष्ट ठरले आणि शाळाप्रवेशासाठी लस सक्तीची करणाऱ्या कायद्यांना जोर आला.

माझ्या मते खरी कसोटी त्यानंतरची आहे. शाळाप्रवेशाची सक्ती पाच वर्षांच्या मुलाला गाठते, दोन वर्षांच्या नाही. १९८९ ते १९९१ या काळातील गोवराच्या साथीत सुमारे ५५ हजार रुग्ण आढळले, १२०हून अधिक माणसे दगावली, आणि लस न घेतलेल्या लहानग्यांना तिचा मोठा तडाखा बसला. तेव्हा पासष्टी ओलांडलेल्या बेटीबाईंनी रोझलिन यांच्यासह १९९१मध्ये, दुसऱ्या वाढदिवसापर्यंत प्रत्येक मुलाच्या लसी पूर्ण व्हाव्यात यासाठी संस्था काढली. ती आजही वेगळ्या नावाने चालू आहे.

वाचनवेडा : आभार. शाळेआधीच्या वयाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. बेथेस्डा येथील ज्या सरकारी लस संशोधन केंद्राने मॉडर्नाच्या कोविड लशीच्या निर्मितीत भाग घेतला, त्याला बम्पर्स पतिपत्नींचे नाव आहे, ते याच कामामुळे ना?

उंबरठा : होय, दोघांच्याही लसीकरणाच्या कामासाठी. फक्त पाटीवर डेल यांचे नाव आधी आहे.